कॅसेटी फिरत्या ठेवा : ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ आणि त्याचे घरगुती कारागीर

मिनेहाहा

गेल्या महिन्यात तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू वापरायला बंद होती, कारण तिथे क्रोचे धड रंग वाळायची वाट पाहत पडले होते. माझी लेक नववीत आहे. ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या कार्यक्रमातला क्रो हा सोनेरी यंत्रमानव आम्हां दोघींना घरी बनवायचा होता आणि अखेर तो बनला. लहान मुलांच्या खेळातली बोलिंगची प्लास्टिकची पिन उभी मधोमध कापली की त्याची चोच होते, पिंगपाँगच्या दोन चेंडूंचे डोळे होतात, डोक्यामागचा पिसारा म्हणजे खेळाडू तोंडावर घालतात ती जाळी, आणि हात म्हणजे टेबललॅम्पचे दुमडते दांडे. पिन कापताना आमच्या दोन पिना वाया गेल्या. करवतीचे पाते गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरते, त्यामुळे आधी चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ आखावी लागते आणि घाई न करता पाते पुढेमागे फिरवत राहावे लागते, हे तिसऱ्या पिनेला समजले. डोळ्यांचीही एक गंमत कळली. बुबुळे अगदी समोर बघणारी रंगवली तर क्रो निर्जीव दिसतो. तीच किंचित आत वळवली की तो एकदम आपल्याकडे बघून काहीतरी बोलणार असे वाटते. लेकीने दुसरे बुबुळ रंगवून ब्रश खाली ठेवला तेव्हा आम्ही दोघीही काही क्षण गप्प झालो होतो.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मी मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहते आणि हा कार्यक्रम याच गावचा आहे. जोएल हॉजसन हा इथला विनोदी कलाकार. रंगमंचावर स्वतः बनवलेल्या चमत्कारिक वस्तू घेऊन येणे ही त्याची खासियत होती. ते काम सोडून तो गावी परतला होता आणि टी-शर्ट छापण्याच्या कारखान्यात काम करत होता. केटीएमए नावाच्या छोट्या स्थानिक वाहिनीवर, म्हणजे चॅनेल २३ वर, २४ नोव्हेंबर १९८८ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्याचा हा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना अशी की, काही वेडसर शास्त्रज्ञांनी एका साध्या माणसाला ‘सॅटेलाइट ऑफ लव्ह’ नावाच्या यानात डांबून अवकाशात धाडले आहे आणि त्याला जगातले सर्वांत टुकार चित्रपट बघायला लावले आहे. सोबतीला कोणी नाही म्हणून तो यानाचेच सुटे भाग काढून यंत्रमानव बनवतो. मग चित्रपट सुरू होतो आणि पडद्याच्या तळाशी खुर्च्यांच्या रांगेत तीन काळ्या छायाकृती दिसू लागतात. तो माणूस, क्रो आणि टॉम सर्व्हो शेवटपर्यंत शेरेबाजी करत तो चित्रपट बघतात, आणि आपण त्यांच्यामागे बसून तोच चित्रपट त्यांच्याबरोबर बघतो.

एवढ्या साध्या गोष्टीवर माणसांनी पस्तीसहून अधिक वर्षे इतके प्रेम का करावे, याचा विचार मी क्रो बनवताना बराच केला. माझे उत्तर असे आहे की, या कार्यक्रमातली प्रत्येक वस्तू कशापासून बनली आहे ते आपल्याला दिसते. सर्व्होचे डोके हे च्युइंगगमच्या गोळ्यांच्या यंत्राचा काचगोल आहे, हे लहान मूलही ओळखते. जिप्सी या तिसऱ्या यंत्रमानवाचे डोके तान्ह्या बाळाची कार सीट आहे आणि तिचा एकुलता एक डोळा म्हणजे विजेरी. चित्रपटगृहातल्या त्या खुर्च्यासुद्धा कापून काळ्या रंगवलेल्या हलक्या फळीच्या आहेत. बघणाऱ्याच्या मनात ‘हे मलाही जमेल’ हा विचार येतोच, आणि तो आला की माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही.

शिवाय कार्यक्रमाने हा विचार मनापासून जोपासला. सुरुवातीच्या वर्षांत भागाच्या शेवटी प्रेक्षकांची पत्रे वाचून दाखवत. लहान मुलांनी काढलेली यंत्रमानवांची चित्रे कॅमेऱ्यासमोर धरून पूर्ण पडदाभर दाखवत आणि त्यावर घाईने काही न म्हणता थोडा वेळ थांबत. एखाद्या आठ वर्षांच्या मुलाने रंगीत खडूने काढलेला वाकडा सर्व्हो, कार्यक्रम पुढे ज्या देशभरच्या वाहिनीवर गेला तिथे, पाहुण्यासारखा मांडला जाई. जोएलच्या काळात प्रत्येक भागाच्या आरंभी यानातली मंडळी आणि ते शास्त्रज्ञ आपापले नवे ‘शोध’ एकमेकांना दाखवत, आणि तेही असेच माळ्यावरच्या सामानातून जोडलेले असत. ज्या कार्यक्रमाचा आरंभ हस्तकलेने आणि शेवट मुलांच्या चित्रांनी होतो, त्याचे भक्त कात्री आणि गोंद घेऊन बसले तर त्यात नवल नाही.

मंडळी, आपल्यापैकी कोणी हा कार्यक्रम पाहिला असेल, त्याच्या प्रेमापोटी काही बनवले, लिहिले, जपले असेल, तर इथे जरूर सविस्तर लिहा. हातांनी काय केले ते वाचायला मला विशेष आवडेल.

जुना_फीतवाला

ताई, धागा वाचून मी कपाटातला खोका खाली काढला. त्यात अजून एकतीस व्हीएचएस कॅसेटी आहेत. मी बनवले काहीच नाही, पण जपले बरेच, म्हणून लिहितो.

१९९४ साली मी विस्कॉन्सिनमध्ये शिकत होतो. माझा खोलीतला सोबती दर आठवड्याला कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवरून हा कार्यक्रम मुद्रित करायचा. जाहिरातींसह एक भाग दोन तासांचा. एकशेवीस मिनिटांची कॅसेट सर्वांत संथ वेगाने चालवली की तिच्यावर सहा तास मावतात, म्हणजे तीन भाग. चित्र मात्र फिकट येते. जागा वाचवण्यासाठी काही जण रिमोट हातात घेऊन बसत आणि जाहिरात लागली की मुद्रण थांबवत. हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागे, कारण जाहिरात संपताना दोन सेकंद चुकले तर एखादा शेरा कायमचा गेला.

त्या काळी कार्यक्रमाच्या श्रेयनामावलीत, अगदी शेवटी, ‘कॅसेटी फिरत्या ठेवा’ अशा अर्थाची एक ओळ येत असे. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. निर्मातेच प्रेक्षकाला सांगत होते की, नक्कल करा आणि दुसऱ्याला द्या. त्यामागे व्यवहारही होता. केबलची ही वाहिनी तेव्हा देशातल्या असंख्य घरांत पोहोचलेली नव्हती, आणि ज्या घरात ती नव्हती तिथे कार्यक्रम पोहोचण्याची दुसरी वाट नव्हती. कोरी कॅसेट आणि परतीची तिकिटे लावलेले पाकीट अनोळखी माणसाला पाठवायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी ती भरून परत यायची, अशी ती पद्धत. मी ओरेगनमधल्या एका गृहस्थांशी चार वर्षे अशी देवाणघेवाण केली. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही, पण त्यांचे अक्षर आजही ओळखेन. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर ते निळ्या शाईने भागाचा क्रमांक, चित्रपटाचे नाव आणि कंसात ‘तिसरी पिढी’ किंवा ‘चौथी पिढी’ असे लिहीत. नकलेची नक्कल करत गेले की चित्र भुरकट होते, म्हणून मूळ मुद्रणापासून आपली प्रत किती लांब आहे ते प्रामाणिकपणे सांगणे हा या व्यवहारातला अलिखित नियम होता.

या जपण्याचे मोल नंतर कळले. केटीएमएच्या काळातले बरेचसे भाग आज पाहता येतात ते मिनेसोटातल्या काही प्रेक्षकांनी तेव्हा घरी मुद्रित केले म्हणून. आरंभीचे दोन भाग तर हरवलेच असे सगळे समजत होते. त्यांच्या मूळ फिती सापडल्या आणि २०१६ च्या थँक्सगिव्हिंगला ते कार्यक्रमाच्या नव्या पर्वाच्या देणगीदारांना पाहायला मिळाले. शिवाय अधिकृत विक्रीतही एक कायमची अडचण होती. शेरे यांचे, पण चित्रपट दुसऱ्याचा, त्यामुळे प्रत्येक भागासाठी त्या त्या चित्रपटाचे हक्क वेगळे मिळवावे लागत. डीव्हीडीचा दहावा संच ‘गॉडझिला व्हर्सेस मेगालॉन’च्या हक्कांमुळे बाजारातून मागे घ्यावा लागला आणि २००८ मध्ये दुसरा चित्रपट घालून पुन्हा काढावा लागला. पुढे चाहत्यांनी आपापल्या कॅसेटी एकत्र करून, प्रत्येक भागाची सर्वांत स्वच्छ प्रत निवडून, संगणकावर उतरवून घेण्याचे मोठे काम वर्षानुवर्षे केले. माझ्या खोक्यातल्या दोन कॅसेटी त्यासाठी मी पाठवल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा आत एक चिठ्ठी होती: ‘तुमची प्रत दुसरी पिढी, आमच्याकडची चौथी होती. आभार.’ ती चिठ्ठी मी त्याच कॅसेटच्या वेष्टनात ठेवली आहे.

शब्दखूण

फीतवाले काका म्हणतात तो काळ मी पडद्यावर पाहिला नाही, कागदावर वाचला.

यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर, या कार्यक्रमाचे चर्चागट होते आणि तिथे चाहत्यांनी एक स्वतंत्र लेखनप्रकारच घडवला होता. एखादा अतिशय वाईट मजकूर घ्यायचा, म्हणजे कोणाची तरी फसलेली कथा, साखळीपत्र किंवा चमत्कारिक जाहिरात, आणि त्याच्या ओळींमध्ये नाटकाच्या संहितेसारखे संवाद घालायचे. डाव्या बाजूला नाव, पुढे शेरा. मधूनमधून सगळे चित्रपटगृहाबाहेर येऊन छोटे प्रहसन करणार, गाणे म्हणणार, पुन्हा आत जाणार. मी पुण्यात महाविद्यालयात असताना संगणककक्षात या संहिता मुद्रकावर छापून घेत असे आणि लोकलमध्ये वाचत असे. मी कार्यक्रमाचा एकही भाग तोवर पाहिलेला नव्हता. तरीही क्रो जरा खोचक, सर्व्हो स्वतःच्या आवाजावर खूश आणि माणूस दोघांना सांभाळून घेणारा, हे तीनही स्वभाव मला त्या कागदांवरून पाठ झाले होते. पुढे प्रत्यक्ष कार्यक्रम पाहिला तेव्हा पात्रे ओळखीची निघाली, यातच त्या हौशी लेखकांचे कसब आहे.

त्या मंडळींत एक चांगला रिवाज होता. ज्याच्या कथेवर शेरे लिहायचे त्याची आधी परवानगी मागायची, आणि अनेक लेखक ती आनंदाने देत. शेवटी मूळ लेखकाचे आभार असत.

नेपथ्य_विंगेतून

धागा रोचक आहे आणि आपणां सर्वांची निष्ठा मला समजते. तरी एक शंका मनापासून मांडतो, कृपया राग मानू नये.

मी गेली बावीस वर्षे हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर नेपथ्य करतो. पैसे नसताना पत्र्याचे, पुठ्ठ्याचे, गोणपाटाचे नेपथ्य उभे करणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आपण ज्यांना टुकार म्हणतो ते चित्रपट अशाच कोणीतरी पदरमोड करून केलेले असतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याची चेष्टा करणे वेगळे, आणि ज्याचा बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा मायक्रोफोन, पडद्यावर दिसतो कारण त्याला दुसऱ्यांदा चित्रित करायला फिल्म परवडत नव्हती, त्याची चेष्टा करणे वेगळे. यंत्रमानव घरगुती म्हणून आपल्याला प्रिय, आणि चित्रपट घरगुती म्हणून हास्यास्पद, ही विसंगती नाही का? मूळ चित्रपट करणाऱ्यांना हे बघून काय वाटत असेल?

मिनेहाहा

नेपथ्यकार, राग कसला, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो कार्यक्रमाच्या लोकांनाही विचारला गेला आहे. टॉम सर्व्हो चालवणारे केव्हिन मर्फी यांनी आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. कर्ट व्हॉनेगट हे त्यांचे अत्यंत आवडते लेखक. भेट झाली तेव्हा मर्फी यांनी आपल्या कामाबद्दल सांगितले. त्यावर व्हॉनेगट यांचे म्हणणे असे पडले की, वाईट चित्रपटात काम करणारा कलावंतही आदराला पात्र असतो. मर्फी यांनी त्यांना जेवायला बोलावले, तर त्यांनी दुसरे काम आहे म्हणून नकार दिला, आणि नंतर मर्फी यांना ते त्याच उपाहारगृहात एकटे जेवताना दिसले. हा प्रसंग मर्फी यांनी स्वतःच लिहून ठेवला, हे मला फार मोलाचे वाटते.

दुखावलेली माणसेही होती, हे मान्य करायला हवे. पण सगळीच तशी नव्हती. ‘केव्ह ड्वेलर्स’चा नायक माइल्स ओ’कीफ याने फोन करून आपल्या चित्रपटाच्या भागाची प्रत मागून घेतली होती.

आपल्या विसंगतीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर आहे आणि ते एकाच चित्रपटाच्या कथेत आहे. ‘मॅनोस : द हँड्स ऑफ फेट’ हा चित्रपट टेक्ससमधल्या एल पासो गावी १९६६ मध्ये बनला. तो बनवणारे हॅरल्ड पी. वॉरन हे खते विकण्याच्या व्यवसायातले गृहस्थ. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्याशी बोलता बोलता त्यांनी पैज मारली की, भयपट काय, मीही काढून दाखवीन. सुमारे १९,००० डॉलर जमवले. कॅमेरा मिळाला तो किल्लीचा. एकदा किल्ली दिली की जेमतेम बत्तीस सेकंद चालणारा, आणि त्यात आवाज मुद्रित होत नव्हता. सगळे आवाज नंतर मोजक्या चार-दोन माणसांनी दिले. टॉम नेमन या स्थानिक कलावंताने खलनायकाची भूमिका केली, चित्रे आणि वस्तू बनवल्या, त्यांच्या पत्नीने कपडे शिवले, घरचा कुत्रा पडद्यावर आला आणि त्यांची लहान मुलगी जॅकी हिने नायकाच्या मुलीचे काम केले. १५ नोव्हेंबर १९६६ रोजी गावातल्या कॅप्री थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. लोक हसले. पडद्यावर आपले ओठ हलतात आणि आवाज दुसऱ्या बाईचा येतो हे ऐकून छोटी जॅकी रडू लागली. टॉर्गो या विचित्र चालीच्या नोकराचे काम करणारा जॉन रेनॉल्ड्स तर हा खेळ पाहायला जिवंतच नव्हता. महिनाभर आधी त्याने आयुष्य संपवले होते.

चित्रपट विस्मरणात गेला. पंचवीसेक वर्षांनी पाहणीसाठी आलेल्या कॅसेटींच्या ढिगात तो फ्रँक कॉनिफ यांच्या हाती लागला. या कार्यक्रमासाठी टुकार चित्रपट आधी बसून पाहायचे आणि निवडायचे, हे काम त्यांच्याकडे होते. १९९३ च्या जानेवारीत तो भाग प्रसारित झाला आणि एल पासोबाहेर कोणालाही ठाऊक नसलेला चित्रपट हजारो लोकांच्या तोंडी झाला. त्यानंतर जे घडले ते तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. २०११ मध्ये सिएटलच्या एका बाहुलीनाट्य मंडळाने नमद्याच्या बाहुल्या करून यावर संगीत नाटक बसवले. त्याच वर्षी बेन सोलोव्ही या छायाचित्रणाच्या तरुण अभ्यासकाला या चित्रपटाची १६ मिलिमीटरची मूळ संपादनप्रत सापडली. त्याने लोकवर्गणी काढून तिची चौकट न् चौकट स्वच्छ केली, आणि २०१५ मध्ये ती ब्लू-रेवर आली. अत्यंत गाजलेल्या अनेक चित्रपटांच्या नशिबी नसते अशी शुश्रूषा या चित्रपटाच्या वाट्याला आली. जॅकी नेमन जोन्स यांनी मोठेपणी त्या चित्रीकरणाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि चाहत्यांनी ते हातोहात नेले.

मी तो भाग किमान वीस वेळा पाहिला आहे. पहिल्या वेळी मी चित्रपटाला हसले. आता टॉर्गो पडद्यावर आला की मला तो झगा शिवणारी बाई, किल्ली संपायच्या आत संवाद उरकणारी माणसे आणि रात्रीच्या दिव्याभोवती जमलेले किडे दिसतात. शेरे मारण्यासाठी का होईना, कार्यक्रमाच्या लेखकांनी तो पुनःपुन्हा पाहिला, त्याच्या प्रत्येक क्षणाकडे लक्ष दिले. वॉरन यांच्या चित्रपटाकडे इतके लक्ष त्याआधी कोणी दिले नव्हते. घरगुती चित्रपट, त्यावर घरगुती कार्यक्रम आणि त्यावर आमचे घरगुती यंत्रमानव, ही मला एकाच कुळातली मंडळी वाटतात.

नेपथ्य_विंगेतून

किल्लीच्या कॅमेऱ्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. बत्तीस सेकंदांत दृश्य बसवायचे, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. माझी शंका पूर्ण मिटली असे म्हणत नाही, पण तो चित्रपट मी आधी शेऱ्यांशिवाय पाहणार आहे आणि मगच हा भाग. पाहून झाल्यावर इथे कळवीन.

चौथी_रांग

आमचा अनुभव लिहितो, कारण आम्ही मराठीत हा प्रयोग केला आहे.

न्यू जर्सीत आम्ही पाच मित्र. करोनाच्या पहिल्या हिवाळ्यात ठरवले की, एखाद्या जुन्या लघुपटावर मराठीत शेरे लिहून आवाज द्यायचे. या कार्यक्रमातल्याच माइक नेल्सन यांनी २००६ मध्ये ‘रिफट्रॅक्स’ सुरू केले होते आणि केव्हिन मर्फी व बिल कॉर्बेट हेही त्यात आले. त्यात नुसता शेऱ्यांचा ध्वनी विकत घ्यायचा आणि चित्रपट आपला आपण लावायचा, म्हणजे हक्कांचा प्रश्नच मिटला. पुढे त्यांनी हौशी लोकांनाही आपले शेरे तिथे मांडायची सोय करून दिली होती. ते पाहूनच आम्हांला धीर आला. आम्ही प्रताधिकार संपलेला, १९५० च्या सुमाराचा, अमेरिकी शाळांत दाखवला जाणारा दहा मिनिटांचा लघुपट निवडला. विषय होता जेवणाच्या टेबलावर कसे वागावे.

आम्हांला वाटले होते की, एका संध्याकाळी बसू, चहा घेऊ, सुचेल तसे बोलू. त्या संध्याकाळचे मुद्रण ऐकले तर पाचही जण एकदम बोलत होते आणि एकही वाक्य कळत नव्हते. मग शिस्तीने बसलो. लघुपटाचे प्रत्येक वाक्य कोणत्या सेकंदाला सुरू होते आणि कुठे संपते, ते वहीत उतरवले. दोन वाक्यांमधली मोकळी जागा बहुधा दोन ते तीन सेकंदांची असते. शेरा तेवढ्यातच बसला पाहिजे, नाहीतर पुढचे मूळ वाक्य झाकले जाते, आणि ज्यावर पुढचा शेरा आहे तेच ऐकू येत नाही. दहा मिनिटांसाठी आम्हांला सात आठवडे लागले. दीड तासाच्या चित्रपटात प्रत्येक भागाला शेकडो शेरे, आणि तेही आठवड्यामागून आठवडा लिहिणाऱ्या त्या मिनेसोटातल्या मंडळींबद्दलचा आमचा आदर तेव्हा शतपटीने वाढला.

सर्वांत मोठा धडा भाषेचा मिळाला. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजी शेऱ्यात गंमत वाक्याच्या सुरुवातीलाच कळू शकते. मराठीत ‘वडिलांनी पहिला घास घेईपर्यंत दोन्ही मुलांनी श्वास रोखून धरला आहे’ असे म्हणून होईपर्यंत पडद्यावर गोड पदार्थ आलेला असतो. म्हणून आम्ही क्रियापदे गाळायला शिकलो. ‘पंगत की परेड?’ एवढेच. घरातल्या सगळ्यांनी वडिलांसाठी उभे राहण्याच्या दृश्यावर आम्ही चार-चार ओळींचे शेरे लिहून खोडले आणि शेवटी ठेवले ते दोनच शब्द: ‘यजमान आले!’ आमच्या आयांनी तो लघुपट पाहिला तेव्हा सर्वांत मोठा हशा त्यालाच पडला. लघुपट इंग्रजी, शेरे मराठी, आणि इंग्रजी नीट न कळणारी माझी सत्तरीची आई पोट धरून हसत होती, कारण शेरेच तिला गोष्ट समजावून सांगत होते.

आम्ही तो कुठे प्रसिद्ध केला नाही. पण त्यानंतर दर डिसेंबरात एक नवा करतो. दूरचित्रवाणीच्या खालच्या कडेला लावण्यासाठी काळ्या पुठ्ठ्याची खुर्च्यांची रांग कापून ठेवली आहे. आम्ही पाच जण, म्हणून पाच डोकी.

वर्गणीदार_२०१५

पुनरुज्जीवनाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. पुनरुज्जीवनाआधी हा कार्यक्रम दोनदा बंद पडला. १९९६ मध्ये कॉमेडी सेंट्रलने थांबवला तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि साय-फाय वाहिनीने तो घेतला. १९९९ मध्ये तिथेही संपला; या वेळी चाहत्यांनी वर्गणी काढून ‘डेली व्हरायटी’ या व्यवसायपत्रात पानभर जाहिरात दिली, पण उपयोग झाला नाही. मग २०१५ च्या नोव्हेंबरात जोएलने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आवाहन केले. ४८,२७० लोकांनी ५७ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर नवे भाग आले. २०२१ मध्ये पुन्हा वर्गणी झाली, ती ६५ लाखांच्या वर गेली आणि कार्यक्रमाने स्वतःचेच ऑनलाइन चित्रपटगृह उघडले. २०२३ चे आवाहन मात्र उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही.

मी पहिल्या दोन्ही वेळी पैसे दिले. नव्या भागांच्या शेवटी देणगीदारांची नावे भराभर वर सरकतात. मी आणि बायकोने प्रत्येक भागाच्या शेवटी दृश्य थांबवत थांबवत शोध घेतला आणि एका रात्री आमचे आडनाव सापडले. स्पेलिंग बरोबर होते. परदेशात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला त्याचे काय वाटते ते मी सांगायला नको. आम्ही त्या पडद्याचे छायाचित्र काढून साताऱ्याला आईकडे पाठवले. तिने ते छापून घेऊन फ्रिजवर लावले.

शब्दखूण

चौथी_रांग, तुमची सेकंदांची वही कशी आखली आहे, त्याचे एक पान इथे दाखवाल का? आम्ही इथे पुण्यात तिघे जण प्रयत्न करू म्हणतो. मी लिहिण्याचे काम घेऊ शकते.

चौथी_रांग

अवश्य. तीन रकाने आहेत: मूळ वाक्य कधी सुरू, कधी समाप्त, आणि मधली मोकळी जागा किती. चौथा रकाना आम्ही नंतर वाढवला. पडद्यावर त्या क्षणी कोणाचा चेहरा आहे ते त्यात लिहितो, कारण रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर शेरा मारायचा नाही असे आमचे ठरले आहे. पानाचे छायाचित्र उद्या टाकतो.

मिनेहाहा

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. फीतवाले काकांच्या चिठ्ठीचा भाग मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. चौथा रकाना आम्हां दोघींना फार आवडला.

व्यक्तिगत संदेशातून दोघांनी क्रोच्या धडाबद्दल विचारले आहे. मूळ धड टपरवेअरच्या कुंडीच्या एका जुन्या संचाचे आहे. तो संच आता बनत नाही आणि जुन्या बाजारात त्याची किंमत फार चढली आहे. अनेक चाहते त्याचे साचे काढून रेझिनमध्ये ओततात आणि इतरांना माफक दरात देतात. आम्ही तसाच एक मागवला. मात्र पहिल्याच प्रयत्नात तो घेऊ नका. आधी जाड पुठ्ठ्यावर करून बघा, सांधे कुठे येतात ते कळते. सोनेरी रंग फवारण्याआधी करड्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर बोट लागेल तिथे सोनेरी रंग निघून येतो. आमच्या क्रोच्या डाव्या खांद्यावर तसा एक डाग आहे आणि लेक तो दुरुस्त करू देत नाही.

आता जिप्सी करायची आहे. तिच्या डोक्यासाठी बाळाची कार सीट लागते. काल गॅरेजमधल्या वरच्या फळीवरून लेकीचीच जुनी सीट खाली काढली. पट्टे सोडवले, गादी काढली, तर खालच्या खाचेत चौदा वर्षांपूर्वीचे पार्ले-जीचे चुरे होते. लेक ते झटकायला निघाली होती. मी म्हटले, थांब, आधी विजेरी कुठे बसते ते बघू.